अकरावी खाच

शमुवेलमामा रणपिसे यांनी आयुष्यभर पेट्या केल्या. नवरीच्या रुखवताच्या केल्या, देवळातल्या बाजाच्या पेटीला बाहेरची पेटी केली, आणि शिरूरच्या मिशन कंपाउंडातलं कुणी देवाघरी निघालं की त्याची शेवटची पेटीही त्यांच्याच रंध्याखालून जायची. पण तुमच्या हातची सगळ्यात चांगली पेटी कुठली, असं कुणी विचारलं की मामा रंधा बाजूला ठेवायचे, हात धोतराला पुसायचे आणि कोनाड्यातून एक सागवानी पेटी अशा काही हातांनी उचलून आणायचे, की बघणाऱ्याला वाटावं, आत तान्हं मूल झोपलंय.

हातभर लांबीची पेटी. आत जुन्या बनातीचं अस्तर, अस्तरात चाळीस खाचा, आणि खाचेखाचेत एकेक रंगीत काच उभी. मॅजिक लँटर्नच्या काचा त्या. लोक त्याला कंदिलाचा शिनमा म्हणायचे. कंदिलाच्या भिंगामागे काच उलटी सरकवली की समोर पडदा म्हणून ताणलेल्या ओल्या धोतरावर चित्र सुलटं उभं राही, पुरुषभर उंच. अंधारात काच कुठल्या बाजूने घालायची हे कळावं म्हणून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर कागदाची एक टिकली चिकटवलेली. अंगठा टिकलीवर आला की बाजू बरोबर.

काचा होत्या मिसबाईंच्या. मिस एडना हॉलवे अमेरिकेतून शिरूरला आल्या त्या १९२० साली. डोक्यावर खाकी टोपी, पायांत पुरुषी बूट, आणि मराठी असं, की जणू व्याकरणाच्या पुस्तकातून इस्त्री होऊन आलेलं. पाणी मागायचं तर म्हणायच्या, "मला तहान लागलेली आहे." दुष्काळात आईबाप गेलेल्या, मिशनने वाढवलेल्या शमुवेलला त्यांनी इंग्रजी वाचायला शिकवलं, आणि पोराच्या गळ्यात काय आहे ते ओळखून त्याच्या हातात चिपळ्या दिल्या. ख्रिस्ती कीर्तन करणारे शमुवेलमामा पुढे दोन तालुक्यांत गाजले. दिवसा करवत, सणवारी कीर्तन.

१९३० साली मिसबाईंच्या भावाने अमेरिकेतून चाळीस काचा हाताने रंगवून पाठवल्या. चोवीस बायबलच्या. पहिल्या सोळा मात्र त्यांच्या घराण्याच्या, त्यांच्या आजोबांच्या गोष्टीच्या. मामांनी पेटी केली, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात ही जोडी गावोगाव जायची. मिसबाई मागे कंदिलापाशी काचा सरकवणार, मामा पुढे पडद्याशी चिपळ्या घेऊन कीर्तनाच्या थाटात गोष्ट उभी करणार.

पेटीत खाचा चाळीस होत्या, पण काचा दिसायच्या एकोणचाळीस. अकरावी खाच रिकामी. पहिल्याच वर्षी मामांनी विचारलं होतं.

"ती काच तडकलेली आहे," मिसबाई म्हणाल्या होत्या. विषय संपला. मिसबाई खोटं बोलतील हे मामांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या लेखी जगात दोन गोष्टी सरळ होत्या, एक त्यांचा काटकोन तपासायचा गुण्या आणि दुसरी मिसबाई.

आता साल होतं १९५६. मिसबाई त्रेसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या आणि कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. सोमवारी दौंडहून गाडी. जाण्याआधी एक शेवटचा खेळ वडगाव रासाईला करायचा आणि मग पेटी, कंदील सगळं शमुवेलच्या हवाली करायचं, असं त्यांनी ठरवलं. पेटीच्या झाकणाचं अस्तर सुटलं होतं. ते नीट बसवावं म्हणून मामांनी मंगळवारी पेटी घरी आणली, अस्तर उचललं, आणि आतून रुमालात गुंडाळलेली एक काच त्यांच्या मांडीवर आली.

त्यांनी ती खिडकीशी धरली. काच अखंड होती. साधा चरासुद्धा नव्हता.

बर्फाचा पांढराशुभ्र माळ. नदीकाठी कातड्याचे उंच निमुळते तंबू, आणि ते सगळे पेटलेले. निळ्या डगल्यांचे घोडेस्वार शिपाई. आणि पुढे, अगदी काचेच्या कडेला, एक बाई अनवाणी पळतेय, कडेवर लेकरू, आणि बर्फात मागे पडलेलं त्या लेकराचं एवढंसं पायताण. काचेला चिठ्ठी चिकटवलेली होती. मामांनी इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचली: एडना, हे आधी दाखव. मग आजोबांवरचा हल्ला.

लिडियाबाई, त्यांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या तर चहावर साय धरली तरी मामा हलेनात.

"काय झालं वो? बोटाला लागलं का?"

"लिडिया, पंचवीस वरसं मी मधला अंक गाळून नाटक केलं गं. आन् लोकांनी टाळ्या दिल्या."

लिडियाबाईंनी काच पाहिली, चिठ्ठी ऐकली. मग पदराने काच पुसत त्या म्हणाल्या, "बाई सोमवारी जाणार. पुन्हा ह्या जन्मी भेट न्हाई. जाताना तिचा जीव दुखवायचा, का गप ऱ्हायचं, तुमचं तुम्ही बघा. मी असते तर गप ऱ्हायले असते. पण मी काय गोष्ट सांगाया उभी ऱ्हात न्हाई."

हेच तर होतं. उभं मामांना राहायचं होतं. आणि वडगावला कोंडिबा असणार होता.

कोंडिबा धनगर, वडगावचा. सत्तरीचा, मिशा पांढऱ्या, डोळा घारीचा. बाराव्या काचेवर शायेन लोकांचे, म्हणजे अमेरिकेतल्या त्या माळावरच्या मूळ रहिवाशांचे, घोडेस्वार धुरळा उडवत आजोबांच्या घरावर चालून यायचे, आणि दर वर्षी त्याच जागी कोंडिबाचा आवाज अंधारातून यायचा: "पर का? त्यांनी का म्हून चाल केली?" मामा मिसबाईंच्या वहीत लिहिलेलं उत्तर द्यायचे, की ते लोक रानटी होते. कोंडिबा खाकरायचा आणि म्हणायचा, "माणूस बिनकारणी घोडं दौडवत न्हाई." लोक हसायचे. पंचवीस वर्षं हसत होते. मामाही हसायचे, पण घरी येताना ते वाक्य टोपीत शिरलेल्या मुंगीसारखं वळवळत राही.

शनिवारी अमावास्या होती. त्या दिवशी वडगावात बैल जुंपत नाहीत, म्हणून गावाला सवड. मिसबाईंची नजर आताशा अंधारात गाडी हाकण्याजोगी राहिली नव्हती, तेव्हा खेळ दुपारीच ठेवला. शाळेच्या खोलीच्या दाराखिडक्यांना कोंडिबाच्या घरच्या काळ्या घोंगड्या लावल्या. भर दुपारी आत असा काळोख झाला, की स्वतःचा हात दिसेना. मिशनची खडखडी जीप मिसबाईंनी स्वतः हाकत आणली. कोंडिबाची कारभारीण साखरबाई त्यांना बघून म्हणाली, "बाई, तुमी गेल्याव ह्या जीपला कोण हाकायचं? शमुवेलमामा तर सायकलवरनं बी पडत्यात."

"शमुवेल पडतो, परंतु पुन्हा बसतो," मिसबाई म्हणाल्या. सगळे हसले. मामांना हसू फुटलं नाही. सकाळी निघण्याआधी त्यांनी काच रुमालातून काढली होती, टिकलीवर अंगठा ठेवून बाजू पाहिली होती, आणि अकराव्या खाचेत उभी केली होती. पेटी करताना त्यांनी खाच कापली होती बरोबर मापाची. पंचवीस वर्षांनी काच तिच्यात अशी बसली, जशी म्यानात तलवार.

बाईंना सांगितलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. ओल्या धोतरावर पहिलं चित्र उमटलं आणि खोलीभर "आऽऽ" असा श्वास गेला. नुसता माळ. गवताचा, आभाळाला टेकलेला, झाड नाही की झुडूप नाही. पडद्याच्या उजेडात मामांचा चेहरा अर्धा उजळलेला. चिपळ्या वाजल्या.

"माळ मोठा, आभाळ मोठं, माणूस मुठीएवढा,
त्याच्या भांडणाचा उठतो का हो धुरळा एवढा?"

दुसरी काच. गव्यांचा कळप. केसाळ वशिंडं, मानेखाली झिपरी दाढी, एकेक जनावर घराएवढं.

"आली बघा दाढीवाली म्हस!" साखरबाई दर वर्षी हेच म्हणायची आणि दर वर्षी बायका तोंडाला पदर लावायच्या.

"हिचं दूध कोण काढतं, मामा?" कोंडिबाने विचारलं.

"कुणी न्हाई काढत, आबा. पाळलेली न्हाईत ती."

"मंग कुणाची हायती?"

"कुणाचीच न्हाईत."

"कुणाचीच न्हाईत म्हंजी समद्यांची," कोंडिबा म्हणाला.

मग शायेनांचे घोडेस्वार आले, उघड्या अंगाचे, केसांत पिसं, खोगीर नाही, घोडा आणि माणूस एकाच मातीचे. शेळ्या-मेंढ्यांमागे आयुष्य काढलेल्या त्या खोलीतल्या माणसांना घोडा कळत होता. कुणीतरी नुसतं "वा रं गड्या" म्हणालं, हळू, देवळात म्हणावं तसं. मग पूर्वेकडून छपराच्या गाड्या आल्या, मिसबाईंचे आजोबा एझ्रा आले, मातीच्या विटांचं घर उभं राहिलं, नांगर चालला. मामांनी तेही तितक्याच मायेनं सांगितलं. रान नवीन, बायको गरोदर, एक सहा वर्षांची लेक, आणि सात गुरं. दहावी काच गेली.

आणि काळोख पडला.

कंदिलापाशी मिसबाईंचा हात पेटीत गेला होता. त्या काचा बघून काढत नसत, बोटांनी मोजत. पंचवीस वर्षं त्यांचं बोट दहावीवरून अकराव्या रिकाम्या खाचेत पडायचं आणि तिथून बारावीवर जायचं. आज बोट पडलं नाही. बोटाला काचेची कड लागली.

पडद्याशी उभे असलेले मामा हे डोळ्यांनी बघू शकत नव्हते, पण नाटकातल्या माणसाला विंगेतला श्वास जसा कळतो तसं त्यांना कळलं. काळोख लांबला. कुणीतरी खोकलं. बाई आता काच बाजूला ठेवतील आणि बारावी लावतील. लावू देत. मग आपण रानटी हा शब्द उच्चारायचा नाही, एवढंच आपल्या हातात. किंवा बाई कंदील विझवतील. किंवा नुसत्या निघून जातील, जीप हाकत, थेट दौंडला.

लाकडी चौकटीत काच सरकल्याचा आवाज झाला. घासून, सावकाश.

पडदा पांढरा झाला. बर्फ. तंबू. आग. अनवाणी बाई. आणि खाली कोपऱ्यात, पडद्यावर वीतभर झालेलं, लेकराचं ते पायताण.

मामांनी चिपळ्या खाली ठेवल्या. ह्या काचेला त्यांच्याजवळ ओवी नव्हती, वही नव्हती.

"मंडळी," ते म्हणाले, "ही काच मी तुम्हांला कधी दाखवली न्हाई. चूक माझी हाय. कोंडिबाआबा दरसाल विचारायचे, का चाल केली. त्याचं उत्तर आमच्या पेटीतच होतं. हा शायेन लोकांचा हिवाळ्यातला तळ. पहाटंचं शिपाई आले. तंबूत गडी थोडे, बायका-पोरं लई. पुढचं तुम्हांला दिसतंय."

कोंडिबा खाकरला नाही. त्याचा आवाज आला, बदललेला. "मंग दौडवलं घोडं."

बारावी काच आली. तेच घोडेस्वार, तोच धुरळा. पण खोलीतलं कुणी आज मागे सरकलं नाही. तेरावीत आजोबा गुरं वळवायला धावले आणि पडले. "आरं देवा," साखरबाई म्हणाली, "त्यो बी गेला की." चौदावीत घर पेटलं. पंधरावीत अंगणातलं पेव. धान्य साठवायचं जमिनीतलं खोल पेव, जसं वडगावात घरटी होतं. वर लाकडी झाकण, आणि झाकणाच्या फटीतून दिसणारा लहान मुलीचा एक डोळा.

मामांनी नेहमीचं वाक्य घेतलं. "आईनं लेकीला पेवात उतरवलं आन् आपण मागच्या ओढ्यात दडली. घोडेस्वार अंगणात फिरले. पण देवानं झाकण झाकलेलंच ठेवलं, आन् कुणालाही..."

"थांब, शमुवेल."

आवाज मागून, कंदिलापासून आला. पंचवीस वर्षांत त्या जागेवरून आवाज कधी आला नव्हता. लोकांनी माना वळवल्या, पण भिंगाचा उजेड डोळ्यांवर येत होता, त्यामागची बाई दिसत नव्हती.

"झाकण उघडले होते," मिसबाई म्हणाल्या. "ती मुलगी म्हणजे माझी आई. मी सुट्टीवर गेले तेव्हा, तिच्या शेवटच्या दिवसांत तिने मला सांगितले. एका घोडेस्वाराने खाली उतरून झाकण उचलले. त्याने आत पाहिले. आईने त्याला पाहिले. त्याच्या हातात भाला होता. आणि गळ्यात दोरीने बांधलेले एक लहान मुलाचे पायताण होते. एकच. तो पुष्कळ वेळ आईकडे पाहत राहिला. मग त्याने झाकण परत ठेवले. आणि त्यावर गवत टाकले. म्हणून मी आहे."

घोंगड्यांच्या फटींतून बाहेरचं ऊन दोऱ्यासारखं लोंबत होतं. त्या उजेडात धूळ तरंगत होती आणि धुळीशिवाय काही हलत नव्हतं. शमुवेलमामांनी मोठमोठ्या सभा गाजवल्या होत्या, पण अशी शांतता त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. टाळ्या माणूस मिळवू शकतो. हे मिळवता येत नाही.

"ती काच दाखवली, तर माझ्या आजोबांसाठी कोणी रडणार नाही, अशी मला भीती वाटत होती," मिसबाई म्हणाल्या.

अंधारात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. साखरबाई उठली होती. "काय बी बोलता बाई," ती नाक ओढत म्हणाली, "मला काय एकच डोळा हाय का?"

घोंगड्या उतरल्या. उन्हात सगळे डोळे चोळत बाहेर आले, पण घरी कुणी गेलं नाही. कोंडिबा पुढे निघाला आणि सगळे त्याच्या मागे. मारुतीच्या देवळाशेजारी लिंबाखाली वीरगळ उभा होता. झिजलेला काळा दगड, त्यावर खाली गाईंचा कळप, कळपामागे ढाल-तलवार घेतलेला गडी, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. अमावास्येला गाव त्याला तेल घालायचं.

"हा आमचा वीर," कोंडिबा मिसबाईंना म्हणाला. "नाव इसरलं, पर जनावरं सोडवताना पडला एवढं ठावं हाय. तुमचं आजोबा बी जनावरांमागंच पडलं. म्हंजी त्यो बी वीर."

साखरबाईने तेलाची वाटी पुढे केली. "आजोबांचं नाव काय म्हनला, बाई?"

"एझ्रा."

"एझ्राबाबाचं तेल," असं म्हणून कोंडिबाने दगडाच्या माथ्यावर धार सोडली. मग वाटी तशीच धरून म्हणाला, "आन् त्या झाकणवाल्याचं?"

मिसबाईंनी मान हलवली. "ते कोणालाच माहीत नाही."

"ह्याचं तरी कुठं म्हाईत हाय आमाला," कोंडिबा म्हणाला, आणि त्याने दुसरी धार सोडली. दोन्ही धारा गाईंच्या चित्रावरून उतरताना एक झाल्या.

शमुवेलमामा जागीच थबकले. दगडाच्या देवापुढे उभं राहू नये, हे मिशनमधल्या लहान मुलालाही पाठ. स्वतः मिसबाईंनीच ते शिकवलेलं. त्यांनी भीतभीत बाईंकडे पाहिलं. मिसबाईंनी तेलाला हात लावला नाही. त्या दोन पावलं मागे सरल्या, टोपी काढली, आणि पांढरे केस उन्हात भुरभुरत असताना, दोन्ही धारा जमिनीत जिरेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

परतताना जीप घोडनदीच्या वाटेला लागली. पेटी मामांच्या मांडीवर होती.

"शमुवेल, ती काच तडकलेली नव्हती."

"ठाऊक हाय, मिसबाई."

"केव्हापासून?"

"मंगळवारपासून."

"मग तू मला विचारले का नाहीस?"

"विचारलं की, बाई. खाचेत ठेवून."

मिसबाईंनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, आणि चष्मा काढून रुमालाने पुसला. तो नुसता पुसत राहिल्या. "तू माझा सर्वात उत्तम विद्यार्थी आहेस," त्या अखेर म्हणाल्या, "आणि अतिशय वाईट मनुष्य आहेस." मग हसल्या, आणि मामाही हसले, आणि दोघांनाही डोळे पुसायला तो एकच रुमाल होता.

सोमवारी दौंडच्या फलाटावर अर्धं कंपाउंड लोटलं. गाडी सुटल्यावर मामांनी बाकावर बसून पेटी उघडली. चाळीसच्या चाळीस काचा. अकरावीवर भावाची चिठ्ठी तशीच होती, आणि तिच्याखाली मिसबाईंच्या इस्त्रीच्या मराठी अक्षरात एक ओळ नवी: हे आधीच दाखवावयास हवे होते.

पुढच्या हिवाळ्यात, अमावास्येलाच, मामा एकटे वडगावला गेले, सायकलवर, पेटी छातीशी बांधून, आणि वाटेत एकदाच पडले. काचा त्यांनीच सरकवायच्या, गोष्ट त्यांनीच सांगायची. घोंगड्या लागल्या होत्या, खोली भरली होती, पण कोंडिबा आणि साखरबाई दिसेनात. मामा दारात थांबले. तेवढ्यात लिंबाखालून दोघं येताना दिसली. साखरबाईच्या हातात रिकामी वाटी होती, बोटं तेलाने चकाकत होती.

"दोघांचं बी झालं," ती म्हणाली. "लावा आता तुमचा कंदील."